सव्वा किलोच्या शोधात लॅमिंग्टन रोडवर

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कुठे?’ असे विचारले, तर समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो आणि मग म्हणतो, ‘लॅमिंग्टन ना? सरळ जा.’ पाट्यांवर नाव बदलून किती वर्षे झाली, तरी तोंडातले नाव बदललेले नाही. हे लॅमिंग्टन साहेब १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि तिकडे या नावाचा केक लोक अजून आवडीने खातात. ग्रँट साहेबही गव्हर्नरच, पण त्यांच्याही बरेच आधीचे, १८३५ ते १८३८ चे. त्यांच्या नावाचा रस्ता पूर्वेकडे आता मौलाना शौकत अली रोड झाला आहे. खिलाफत चळवळीतल्या अली बंधूंपैकी हे थोरले. स्टेशनने मात्र ग्रँट साहेबांना सोडलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, दादरला उतरलो आणि लोकलने इथे आलो. थोरली लेक, तिचे अब्बा आणि अस्मादिक. काम एकच होते. लेकीसाठी वजनाला हलका, कामाला दणकट आणि खिशाला झेपणारा लॅपटॉप घ्यायचा होता. लेक सीएच्या आर्टिकलशिपला लागली आहे. ही आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. या दोन वर्षांत ऑफिसात बसायचे कमी आणि फिरायचे जास्त. आज साखर कारखाना, उद्या पतसंस्था, परवा कुठली तरी सूतगिरणी. एसटीत उभे राहून जायचे आणि दिवसभर दुसऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून आकडे जुळवायचे. तिच्या पाठीवरच्या बॅगेत डबा असतो, लिटरभर पाणी असते, फायली असतात. चुलतभावाचा जुना लॅपटॉप ती महिनाभर वापरत होती. चार्जरसकट त्याचे वजन अडीच किलोच्या वर भरे. संध्याकाळी ती घरी आली की आधी खांद्याला गरम पाण्याची पिशवी, मग मगरिबची नमाज, मग चहा, असा क्रम ठरून गेला होता.

आता कुणी म्हणेल, लॅपटॉप काय सांगलीत मिळत नाही? मिळतो. पण नव्या लॅपटॉपचे गणित असे आहे. पस्तीस-चाळीस हजारांत मिळणारा नवा लॅपटॉप बहुधा मोठ्या पडद्याचा, प्लास्टिकच्या अंगाचा आणि पावणेदोन किलोच्या आसपास असतो. सव्वा किलोच्या आतला, कंपन्यांच्या साहेबांसाठी बनवलेला नवा हलका लॅपटॉप घ्यायचा तर आकडा लाखाच्या घरात जातो. दुकानदाराने त्यावरही उपाय सांगितला होता, ‘नो कॉस्ट ईएमआय’. व्याज नाहीच म्हणे. लेकीने तिथेच कागदावर मांडून दाखवले. समजा छत्तीस हजारांचा लॅपटॉप आणि नऊ महिने चार-चार हजारांचा हप्ता. बँक पंधरा टक्के दराने कर्ज देते ते सुमारे ३३,८५० रुपयांचे. उरलेले २,१५० रुपये व्याज. दुकानदार तेवढी ‘सूट’ आधी देतो, म्हणून आपल्याला वाटते व्याज नाही. पण बँकेच्या हिशेबात ते व्याजच असते आणि त्या व्याजावर अठरा टक्क्यांनी जीएसटी, म्हणजे ३८७ रुपये, आपल्याच खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज असते, ते फक्त झाकलेले असते, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना सुनावले होते. मशिदीतल्या मौलानांना विचारले, तर ते म्हणाले की हप्ता हराम नाही, व्याज हराम आहे. दुकानदाराने स्वतः उधारीची एकच किंमत ठरवून हप्त्याने माल दिला तर बहुतेक उलमा त्याला जायज मानतात. असा दुकानदार आम्हाला गावात मिळाला नाही. मिळाला असता तरी लाखाचे हप्ते आम्हाला झेपणारे नव्हतेच.

शाळेतल्या बाईंच्या भिशीत नोव्हेंबरचा नंबर आमचा होता. तीस हजार. एवढ्या रोख पैशात सव्वा किलोचा लॅपटॉप हवा असेल तर तो वापरलेलाच घ्यावा लागणार, आणि वापरलेल्या लॅपटॉपची इकडची मोठी पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड.

सकाळी लवकर पोहोचलो तर इथे शुकशुकाट असतो. शटर वर जायला अकरा वाजतात. रविवारी तर बहुतेक गाळे बंदच. म्हणून आम्ही मधला वार धरून आलो होतो. वेळ काढायला स्टेशनसमोर बी. मेरवानमध्ये चहा आणि मावा केक घेतला. १९१४ मध्ये सुरू झालेले हे इराणी हॉटेल. संगमरवरी टेबले आणि लाकडी खुर्च्या होत्या, आणि गडबड केलेली तिथे कुणालाच चालत नसे. लेकीचे अब्बा म्हणाले, इथे बसून सौदा केला तर भाव आपोआप कमी होईल.

हा रस्ता एकेकाळी सिनेमावाल्यांचा होता. नाझ थिएटरच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालये होती, कुठला चित्रपट चालला आणि कुठला पडला ते आधी तिथे कळायचे. मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षांहून जास्त चालला. सिनेमा गेला, रेडिओचे सुटे भाग आले, मग टेपरेकॉर्डर, मग सुटे भाग जोडून केलेले ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर, आणि आता सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर आणि लॅपटॉप. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चार्जरच्या पिना, बिजागऱ्या आणि की-बोर्डची सुटी बटणे भाजीसारखी मांडलेली असतात. एका टपरीवर नुसते स्क्रू होते, वेगवेगळ्या डब्यांत. वर गॅलऱ्यांतून अरुंद जिने चढत गेले की एका खोलीत चार-चार माणसे भिंगातून बोर्डाकडे बघत बसलेली दिसतात. हे हात शिकलेले हात आहेत. पदवी असेल नसेल, पण बंद पडलेला बोर्ड ते जिवंत करतात.

हे लॅपटॉप येतात कुठून? मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप शेकड्याने घेतात, अनेकदा भाड्याने. तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळा माल एकदम परत जातो आणि व्यापाऱ्यांकडे लॉटने विकला जातो. त्यात नावे ठरलेली आहेत. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक. घरगुती मालापेक्षा यांची बांधणी वेगळी असते. धातूचे किंवा कार्बन फायबरचे अंग, भक्कम बिजागरी, तळाचे स्क्रू काढून दुरुस्ती करता येईल अशी रचना. थिंकपॅड तर मुळात आयबीएमचा. १९९२ मध्ये आला, २००५ मध्ये लेनोव्होकडे गेला. की-बोर्डच्या मधोमध लाल टिकलीसारखे बटण असते, तीच त्याची ओळख.

पहिल्या दुकानाला काच होती, एसी होता आणि पाटी होती, ‘आय-सेव्हन फक्त १८,०००’. विक्रेता तरुण पोरगा. लॅटिट्यूड दाखवत म्हणाला, ‘सर, आय-सेव्हन आहे, आय-फाइव्हच्या वरचा.’ लेकीने खाली वाकून नंबर वाचला, ७६००यू. इथे वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण या पेठेत सगळ्यात जास्त घोटाळा हिच्यातच होतो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा दर्जा झाला. त्याच्यापुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. ७६०० म्हणजे सातवी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. हलक्या लॅपटॉपांत सातव्या पिढीच्या या आय-सेव्हनला दोनच कोअर आहेत, म्हणजे काम करणारे दोन हात. आठव्या पिढीच्या ८२५० किंवा ८३५० या आय-फाइव्हला चार. म्हणजे नावाने थोरला तो कामाने धाकटा. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्ही गेलो ते त्यानंतर काही आठवड्यांनी. सातव्या पिढीचा माल का एवढा स्वस्त झाला होता ते यावरून कळावे. ती सूट नव्हती, तो उतार होता. लेकीने हे विचारले तेव्हा पोरगा म्हणाला, ‘विंडोज ११ टाकून देतो ना मॅडम, जुगाड आहे.’ जुगाडावर लोकांचे हिशेब ठेवायचे नाहीत, असे म्हणून आम्ही जिना उतरलो.

दुसरे दुकान पहिल्या मजल्यावर. भिंतीवर आयतुल कुर्सीची फ्रेम, मालकाच्या तोंडी सलाम, मस्त पुदिन्याचा चहा. मन जरा सैलावले. इथे माल भरपूर होता आणि आम्ही तो नीट तोलला. तोलला म्हणजे अगदी खरोखर. उमऱ्याला जाताना सामानाच्या बॅगा मोजायला घेतलेला हुकाचा छोटा वजनकाटा लेकीच्या अब्बांनी खिशात आणला होता. लॅपटॉप कापडी पिशवीत घालायचा, हुकाला लटकवायचा, पिशवीचे वजन वजा करायचे. दुकानातली पोरे हसायला लागली. पण आकडे मात्र कामाचे निघाले. एचपी एलिटबुक ८४० जी-फाइव्ह दीड किलोला थोडा वर. लॅटिट्यूड ७४९० दीड किलोला थोडा कमी. थिंकपॅड टी-४८०एस एक किलो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. सगळे चौदा इंची, सगळे आठव्या पिढीचे, साधारण २०१८ च्या वेळचे. लॅटिट्यूड आणि एलिटबुक यांत रॅम बसवायला दोन-दोन खाचा असतात, म्हणजे आज आठ जीबी घ्या, उद्या पैसे आले की वाढवा. टी-४८०एसमध्ये थोडी रॅम बोर्डावरच पक्की आणि एक खाच मोकळी. ज्याला बॅग रोज उचलायची नाही, गाडीने जायचे आहे, त्याने डोळे मिटून लॅटिट्यूड घ्यावा असे आमचे मत झाले. दुरुस्ती सोपी, सुटे भाग मुबलक.

एलिटबुकचा पडदा बघून लेकीने नाक मुरडले. समोरून ठीक, जरा बाजूने पाहिले की काळोख. मालक म्हणाले, ‘पडदा थोडा जुना आहे.’ जुना नव्हता. एचपीच्या काही मशिनांत शेजारच्याने डोकावू नये म्हणून मुद्दाम तसा पडदा बसवतात, ‘शुअर व्ह्यू’ म्हणतात त्याला. विमानात बसणाऱ्या साहेबाला तो हवा असेल. दोघींनी शेजारी बसून एकच ताळेबंद बघायचा तर तो नको.

मग एक गंमत झाली. मालकांनी आतून खास एक लॅटिट्यूड आणला. आखाती देशातून आलेला असावा, कारण प्रत्येक बटणावर इंग्रजीबरोबर अरबी अक्षर होते. ‘आप लोगों के लिए तो बेहतरीन है, उर्दू भी हो जाएगी!’ आता शाळेत ज्यांनी रोज उर्दूचा फळा लिहिला आहे त्यांना हे सांगायला नको की अरबी आणि उर्दू एक नव्हे. अरबीत पे नाही, चे नाही, गाफ नाही. टे, डाल, ड़े तर दूरच. ‘पाकीज़ा’ लिहायचे म्हटले तरी पहिल्याच अक्षराला अडते. विंडोजमध्ये उर्दूचा की-बोर्ड आणि नस्तालीक वळणाचा फाँट असतोच, वेगळा पैसा लागत नाही. मराठीचेही तसेच. बटणांवर इंग्रजी अक्षरे साफ असली की पुरे. प्रत्येक दुकानात आम्ही मराठीत एक ओळ आणि उर्दूत एक ओळ लिहून बघत होतो. कुठले बटण अडते ते त्यात लगेच कळते. शिक्षकी पेशाचा तेवढाच फायदा.

टी-४८०एस लेकीला आवडला होता. किंमत २४,०००. बॅटरी कशी आहे, हे विचारल्यावर मालकांनी छातीवर हात ठेवला. ‘अल्लाह की क़सम, नई जैसी है. पाँच घंटे चलेगी.’

लेकीने परवानगी घेऊन काळी खिडकी उघडली आणि बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली. ही तपासणी प्रत्येकाने करावी, कुठलेही मशीन विकत घेण्याची गरज नाही, विंडोजमध्ये ती आधीपासून असते. ‘पॉवरसीएफजी’ लिहायचे, एक जागा सोडायची, तिरकी रेघ, आणि पुढे ‘बॅटरीरिपोर्ट’, सगळे इंग्रजी अक्षरांत. एक पान तयार होते. त्यात दोन आकडे शोधायचे. बॅटरी नवी असताना किती भरत होती आणि आज किती भरते. या मशिनच्या बॅटरीची मूळ क्षमता ५७ वॅट-तासांची. आजचा आकडा होता २१ च्या जवळ. म्हणजे शंभरातले सदतीस.

मालक म्हणाले, ‘ये रिपोर्ट ग़लत बताता है.’

चहाचे आभार मानून आम्ही उठलो. जिन्यात कुणी काही बोलले नाही. खाली आल्यावर लेकीचे अब्बा एवढेच म्हणाले की बॅटरी सदतीस टक्के आहे हे त्याने आधीच सांगितले असते तर दोन हजार कमी करून आपण घेतलाही असता. खरे होते. जुन्या मालात दोष असणारच, त्याला कुणी नावे ठेवत नाही. मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. शपथा खाऊन माल खपवण्याबद्दलही हदीसमध्ये स्पष्ट इशारा आहे, माल खपतो, बरकत जाते. आपल्या दुकानांत आयतुल कुर्सीची फ्रेम असते ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्याखाली बसून अल्लाहचे नाव बॅटरीसाठी खर्च करायचे, हे ऐकणाऱ्याला फार लागते, आणि परक्यापेक्षा आपल्याच माणसाकडून जास्त लागते. हे आम्ही इथे मुद्दाम लिहीत आहोत, कारण हे मासिक दुकानदारांच्याही घरी जाते.

जोहरची वेळ झाली होती. जवळच्या गल्लीत मशीद आहे, लेकीचे अब्बा तिकडे गेले. बायकांसाठी तिथे सोय नव्हती. (मुंबईत खरेदीला जाणाऱ्या भगिनींनी हा विचार करूनच वेळ ठरवावी.) आम्ही मायलेकी ज्या गॅलरीत उभ्या होतो तिथल्या टोकाच्या गाळ्यातले कच्छी सेठ बाहेर आले. वय सत्तरीचे, अंगात सदरा, गळ्यात भिंग लटकवलेले. त्यांनी विचारले आणि आम्ही सांगितले. ‘अंदर आ जाओ बहनजी,’ म्हणून त्यांनी खोक्यांचा ढीग स्वतः बाजूला सारला, एका पोराकडून जमीन पुसून घेतली आणि पडदा ओढून बाहेर जाऊन बसले. किबला कुठे ते त्यांना माहीत होते. शेजारचे दुकान वर्षानुवर्षे मुसलमानाचे होते, त्याच्याकडून कळले म्हणे.

नमाज झाल्यावर नुसते उठून जाणे बरे दिसेना, म्हणून विचारले, हलक्यात काय आहे?

सेठजींनी आधी प्रतिप्रश्न केला. कोण वापरणार, काय काम, रोज किती तास, चार्जिंगची सोय कुठे. इतका वेळ कुणी हे विचारले नव्हते. मग कपाटातून थिंकपॅड एक्स-वन कार्बन, सहावी आवृत्ती, काढला. लेकीने तो एका हाताने उचलला आणि तिचा चेहरा बदलला. आम्ही काटा काढला. एक किलो एकशेचाळीस ग्रॅम. कंपनीच्या कागदावर १.१३ किलो लिहिलेले असते, म्हणजे काटा आणि कागद दोघेही खरे. चार्जर टाइप-सीचा, त्याच चार्जरवर मोबाइलही चार्ज होतो, म्हणजे बॅगेतून आणखी एक वस्तू कमी. सगळे मिळून दीड किलोच्या आत. महिनाभर ती जे वाहत होती त्यापेक्षा हे किलोभराने हलके.

आमचा आनंद बघून सेठ म्हणाले, ‘रुको. पहले इसकी बुराई सुन लो.’

आणि त्यांनी बोटे मोडायला सुरुवात केली. पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात फिकट डाग आहे, पांढरे पान उघडले की दिसतो. त्यांनी पांढरे पान उघडून दाखवला. बोटाचा ठसा ओळखणारे बटण चालत नाही, पासवर्डच टाकावा लागेल. उजव्या बाजूचे यूएसबी सैल आहे, डावे वापरा. मनगट टेकते तिथला मऊ थर एका जागी निघाला आहे. बॅटरी ७२ टक्के आहे, लेकीच्या कामाला साडेतीन-चार तास जाईल, साखर कारखान्यात प्लग मिळतो ना? आणि सगळ्यात महत्त्वाचे, या मॉडेलची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे कधीच वाढवता येणार नाही. ‘आठ जीबीवाला मेरे पास तेईस में है. बेटा के लिए वो मत लो, दो साल में रोएगी. ये सोलह जीबी है.’ मॉडेल २०१८ चे आहे, हे त्यांनी आपणहून सांगितले. आर्टिकलशिपची दोन वर्षे निघतील, पुढचे विंडोज काय मागेल ते आज कुणी सांगू नये, असेही म्हणाले.

लेकीने बॅटरी रिपोर्ट काढला. ५७ पैकी ४१. बहात्तर टक्के, अगदी बरोबर. मग तिने चालू होतानाच्या निळ्या पडद्यात, बायोसमध्ये, जाऊन पाहिले. हेही बघायला हवे. कंपन्यांच्या मशिनांना कधी कधी मूळ मालकाचे कुलूप राहून जाते. आतला पासवर्ड असतो, किंवा इंटरनेटला जोडल्यावर ‘हे मशीन अमुक संस्थेचे आहे’ असे येते आणि पुढे काही करता येत नाही. म्हणून विंडोज नव्याने टाकून, दुकानातच वाय-फायला जोडून, आपले नाव घालेपर्यंत थांबावे. सेठजींनी समोर ते करून दाखवले. जुनी डिस्क पुसलेली होती. सकाळी एका दुकानात आम्ही उघडलेल्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी पगाराच्या याद्या तशाच होत्या. लेकीने डोळे वळवून झाकण लावले होते. माणसाने मशीन विकले असेल, पण त्यातली माहिती ही लोकांची अमानत असते, ती पुसून मगच विकायला हवी, हे विकणाऱ्याने पाहायचे आणि दुकानदारानेही.

मूळ विंडोजचा परवाना अशा मशिनांच्या बोर्डातच नोंदलेला असतो, त्यामुळे तो आपोआप लागला. ऑफिस मात्र नसते. इतर दुकानांत ‘ऑफिस फुकट टाकून देतो’ असे म्हणत होते, म्हणजे चोरीचे. सेठजींनी लिब्रे ऑफिस टाकून दिले. ते खरोखर फुकट आहे आणि कुणाचा हक्क मारून घेतलेले नाही. एक्सेलच्या फायली त्यात उघडतात, बऱ्याचशा नीट उघडतात. आर्टिकलशिपच्या कार्यालयात एक्सेलच लागते. त्याचा परवाना कार्यालयाकडून मिळणार आहे, असे लेकीने सांगितले.

किंमत त्यांनी २८,५०० सांगितली. लेकीच्या अब्बांनी पंचवीस म्हटले. सेठ हसले आणि म्हणाले, सगळी बुराई मी भावात आधीच धरली आहे, आता तुम्ही तीच परत धरू नका. हे वाक्य आम्हा दोघांनाही निरुत्तर करणारे होते, पण घासाघीस केल्याशिवाय उठायचे तर मिरजेला जाऊन काय तोंड दाखवायचे? शेवटी २७,००० ला ठरले. तीन महिन्यांची दुकानाची वॉरंटी, जीएसटीचे पक्के बिल. उरलेल्या तीन हजारांतून हजार रुपयांची खांद्याला जाड पट्टे असलेली बॅग आणि बाकीचे पुढे बॅटरी बदलायची वेळ आली की उपयोगी पडतील म्हणून लेकीच्याच खात्यात.

लेकीने एकच विनंती केली, की जे दोष सांगितले ते बिलावर लिहून द्या. आम्हाला वाटले, आता सेठ रागावणार. त्यांनी चष्मा लावला, बिल उलटे केले आणि गुजराती वळणाच्या देवनागरीत पाच ओळी लिहिल्या: डाग, बोट, यूएसबी, थर, बॅटरी ७२. खाली सही, तारीख. पुढे म्हणाले, सीए होणार ना तू, मग हे बरोबरच आहे.

सोमवारी कार्यालयात लेकीने ते बिल आपल्या सरांना दाखवले. सरांनी पुढची बाजू बघितली, मागची बाजू वाचली आणि म्हणाले, ‘पार्टीने नोट्स टू अकाउंट्स चांगल्या दिल्या आहेत. आपल्या निम्म्या क्लायंटांना यांच्याकडे पाठवू या.’